प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट – मुक्काम पोस्ट रुवी

१० जानेवारी २०१४, शुक्रवार

नवी डायरी. सप्लायरने दिलेली आहे, प्रत्येक पानाखाली कॉम्प्रेसरची जाहिरात. चालेल.

निर्णय झाला. जूनमध्ये युरोप. मी, बायको यशश्री आणि मुलगी उर्वी. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. जाऊन-येऊन तेरा दिवस. सगळं स्वतः प्लॅन करून. टूर कंपनी नाही. यशश्रीने पुण्याच्या एका कंपनीचं ब्रोशर आणून टेबलावर ठेवलं होतं, त्यात 'रोज गरम वरण-भात' असं ठळक अक्षरात छापलंय. वरण-भात खायला प्रागपर्यंत कशाला जायचं, असं मी विचारलं. ती म्हणाली की तो तुम्हालाच तिसऱ्या दिवशी लागतो. मी ब्रोशर रद्दीत टाकलं.

खरं कारण इथे लिहून ठेवतो, घरात बोलता येत नाही. बारावी झाली की जुलैत उर्वी पुण्याला जाणार, आर्किटेक्चरला. एकदा गेली की मग सुट्टीला येईल ती पाहुणीच. इतक्या वर्षांत मी तिला दाखवलं काय? कणकवली, मॉल आणि एसीचे स्पेअर पार्ट. एखाद्या जुन्या शहराच्या चौकात उभं राहून मी सांगतोय आणि ती ऐकतेय, असं एकदा तरी व्हायला हवं. दहावीला मला इतिहासात ८१ होते. त्यांचा पुढे कुणालाच उपयोग झाला नाही.

१३ जानेवारी, सोमवार

अर्बाबना, म्हणजे आमच्या ओमानी मालकांना, सांगितलं. जूनमध्ये तेरा दिवस युरोप. ते फोनवर होते. माझ्याकडे बघून इन्शाल्ला म्हणाले. रजा मंजूर.

नवख्या माणसाला यातलं कळणार नाही. इन्शाल्लाचे तीन प्रकार असतात. लांबवलेलं म्हणजे नाही. उसासा टाकून म्हटलेलं म्हणजे बघू. चटकन तोडून म्हटलेलं म्हणजे हो. मस्कतमध्ये एकोणीस वर्षं काढली की कान तयार होतो. आजचं चटकन होतं.

एसी पार्टच्या स्टोअरमधला माझा असिस्टंट हुसैनमियाँ, हैदराबादचा, रजेचा छापील फॉर्म भरत बसला होता. जूनमधल्या भाचीच्या लग्नासाठी, जानेवारीत. तीन कॉप्या. गावची वार्षिक रजा कंपनीच ठरवते, तिचे कागद ऑफिसातून आपोआप होतात, त्यामुळे मला हा फॉर्म कधी भरावा लागलेला नाही. मी त्याला समजावलं की अरब माणसाला कागद दाखवला की त्याला वाटतं आपल्या शब्दावर विश्वास नाही. तो जी साब म्हणाला आणि तिसऱ्या कॉपीवर सही केली. काही लोक गल्फमध्ये राहतात, पण गल्फ त्यांच्यात उतरत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

युरोपात रोज पंधरा किलोमीटर चालावं लागतं. तेही दगडी रस्त्यांवर. उद्यापासून पहाटे साडेपाचला मत्रा कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, चालायचं. बूट घेतले.

फाइल सुरू केली. निळी बॉक्स फाइल. वर लेबल: EU-14, REV-0. स्टोअरच्या पद्धतीने प्रत्येक ठिकाणाला आयटम नंबर दिला. प्रागचं जुनं घड्याळ PRG-001. चार्ल्स पूल PRG-007, त्यावरचे तीस पुतळे PRG-007/01 ते PRG-007/30. युरोपकडे या नजरेने अजून कुणी पाहिलं नसावं.

८ फेब्रुवारी, शनिवार

चाललो नाही. वारा होता.

२० मार्च, गुरुवार

व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागतं, की या माणसाला रजा दिलेली आहे आणि तो परत येणार आहे. पत्र मीच टाइप केलं. अर्बाबनी चेकबुकं, डिलिव्हरी नोटा यांच्या गठ्ठ्यातच त्यावर सही केली. म्हणजे आता लेखीसुद्धा झालं. हुसैनमियाँला दाखवलं. त्याने माशाल्ला म्हटलं.

चालणं: आतापर्यंत दोनदा.

४ एप्रिल, शुक्रवार

तक्ता पूर्ण. एक्सेलमध्ये, रंगीत. तासागणिक. काहीही नशिबावर सोडलेलं नाही. शुक्रवार: सगळं बंद, हॉटेलवर आराम, कपडे धुणे. शनिवार: अर्धा दिवस, म्हणून प्रवास. रविवार: आठवड्याचा पहिला दिवस, दुकानं ताज्या मालाने भरलेली, म्हणून व्हिएन्नातला किराणा, सिम कार्ड आणि सगळी खरेदी रविवारी सकाळी. प्रागहून निघताना सोबत खायचं काहीही घ्यायचं नाही, ओझं होतं. टूर कंपन्यांना इतका बारीक विचार परवडत नाही.

फाइल आता १४२ पानं.

तक्त्याचा कच्चा प्रिंट काल ऑफिसात लेस्लीला दाखवला होता. लेस्ली तुस्कानो, मूळचा वसईचा, आमच्या कुरुमच्या ऑफिसात अ‍ॅडमिन बघतो. तो आणि त्याची बायको विनी त्यांच्या चर्चच्या ग्रुपबरोबर रोम, लूर्द करून आलेत. तो म्हणाला, सगळं छान, फक्त वार एकदा तपासून घे. मी म्हणालो, वार एक्सेल स्वतः टाकतं. तो चहा प्यायला गेला. ग्रुपने जाणाऱ्या माणसाला स्वतंत्र प्लॅनिंगचं दडपण येणारच.

२५ एप्रिल, शुक्रवार

उर्वीची परीक्षा संपली. रिहर्सल हवी म्हणून दोघींना निझव्याला नेलं. किल्ला आहे, जुना बाजार आहे, दगडी वाटा आहेत. ओमानमधलं प्रागच म्हणायचं.

सकाळी नऊला निघालो (मी सातला तयार होतो, बूट सापडत नव्हते). सव्वाअकराला पोचलो. शुक्रवारी नमाजामुळे किल्ला अकरालाच बंद होतो. दारावरचा माणूस खलास म्हणाला आणि हसला. मग मी पार्किंगमध्येच, किल्ल्याच्या गोल बुरुजाला प्रागचं घड्याळ समजून PRG-001 वाचून दाखवलं. वीस मिनिटं. ऊन होतं. यशश्री मध्येच बाजारात गेली आणि हलवा घेऊन आली. उर्वी शेवटपर्यंत उभी होती. मान हलवत होती. नंतर कळलं, कानात इअरफोन होते.

एका जर्मन जोडप्याने मला बकऱ्यांचा बाजार कुठे ते विचारलं. मी सविस्तर सांगितलं. उर्वी त्यांच्यामागे धावत गेली आणि त्यांना उलट दिशेला पाठवून आली. परत येऊन म्हणाली, बाबा, तुम्ही त्यांना बस स्टँडला पाठवत होते, आणि तो मार्केट नाइनलाच फिनिश होतो. तिचं मराठी पुण्यात सुधारेल.

एकंदरीत रिहर्सल यशस्वी.

११ मे, रविवार

व्हिसा आले. तिघांचे. पासपोर्ट देवापुढे ठेवले. अर्बाबना व्हिसा दाखवला. ते मब्रूक म्हणाले, म्हणजे अभिनंदन. अजून काय हवं?

चालणं: एकूण चारदा.

२९ मे, गुरुवार

उर्वीला ९१ टक्के. मला रडू आलं. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. तिला म्हणालो की आता तुला अख्खा युरोप दाखवतो. ती म्हणाली, आय नो बाबा, आणि मला मिठी मारली.

१ जून, रविवार, संध्याकाळी ६

शांतपणे लिहितो.

परवाची फ्लाइट. म्हणून आज सकाळी अर्बाबचा निरोप घ्यायला गेलो. त्यांनी विचारलं, कहाँ जाता? मी म्हणालो, युरोप. ते म्हणाले, बाहेर सेहेचाळीस डिग्री आहे, अर्ध्या मस्कतचे एसी बंद पडलेत, हुसैनमियाँ काल हैदराबादला गेला, आणि तू युरोपला जातोस तर स्टोअरमध्ये कोण बसणार, मी? मी जानेवारीची आठवण दिली. ते म्हणाले, वरका किधर? म्हणजे कागद कुठे. मी व्हिसाचं पत्र काढलं. ते म्हणाले, हे एम्बसीचा वरका, माझा वरका किधर?

त्यांच्या टेबलावर एक रजिस्टर आहे. एकोणीस वर्षांत मी ते कधी उघडं पाहिलं नव्हतं. जून महिना, स्टोअर, एक रजा: हुसैनमियाँ. खाली फॉर्म टाचलेला.

मी म्हणालो, तुम्ही इन्शाल्ला म्हणाला होतात. ते म्हणाले, हो, म्हणालो होतो. मी म्हणालो, चटकन म्हणाला होतात. त्यांना ते समजेना. मी तिन्ही प्रकार समजावून सांगितले, म्हणूनही दाखवले. त्यांनी सेक्रेटरीला आत बोलावलं आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. दोघं खूप हसले. मग अर्बाब मायेने म्हणाले की इन्शाल्ला एकच असतं, धनेश. रजा नाही ती नाहीच.

घरी सांगितलं. माझी अपेक्षा होती की दोघी कोसळतील आणि मी त्यांना धीर देईन. मी म्हणालो, सगळं कॅन्सल करू, पुढच्या वर्षी बघू.  मग उर्वी आईकडे बघून म्हणाली, आई, वुई कॅन गो, नो? आणि यशश्रीने विचारलं, अहो, हॉटेलांची प्रिंट कुठल्या कप्प्यात ठेवलीय?

दोघी जाणार. मी परवानगी दिली. कुणी मागितली नव्हती, पण दिली.

३ जून, मंगळवार

दोघींना विमानतळावर सोडलं. फाइलचं वजन चार किलो भरलं. यशश्री ती बॅगेतून काढायला निघाली होती, मी कॉस्मेटिकची पिशवी काढायला लावली.

परत येताना गाडीत विचार केला. जे झालं ते एका दृष्टीने उत्तमच. सेनापती काही प्रत्यक्ष रणात उतरत नाही. मी इथून व्हॉट्सअ‍ॅपवर गाइड करीन, त्या पान उघडतील. मला तर ऊन नाही, गर्दी नाही, पायाला फोड नाहीत.

घरी आलो तर घर फार मोठं वाटलं. टू बीएचके आहे.

४ जून, बुधवार

प्राग सुरू. सकाळी मेसेज केला: पान ९, PRG-001, बरोबर दहाला, म्हणजे आतापासून तासाभरात, घड्याळासमोर उभं राहा, बाहुल्या बाहेर येतात. पोचल्याच्या दोन टिकमार्क आल्या. दुपारी यशश्रीचं उत्तर: उभ्या राहिलो, बाहुल्या आल्याच नाहीत. नऊच्या आधी येत नाहीत म्हणे.

तक्ता मस्कतच्या वेळेप्रमाणे झालाय. तिथे दोन तास कमी असतात. म्हणजे दोघी तिथल्या आठला उभ्या होत्या. मी कळवलं की सकाळचा उजेड बघावा म्हणून मुद्दाम लवकर पाठवलं. यशश्रीचं उत्तर: ओके.

संध्याकाळी फोटो आला. उर्वीच्या हातात आइस्क्रीम, घड्याळ अर्धं कापलेलं.

६ जून, शुक्रवार

तक्त्याप्रमाणे आज आराम आणि कपडे धुणे. मी इथे माझे कपडे धुतले, म्हणजे सगळे एका वेळापत्रकावर राहू.

अकराला यशश्रीचा मेसेज. अहो, आज आराम का लिहिलाय? सगळं उघडं आहे, आम्ही सकाळपासून राजवाड्यात आहोत. मी लिहिलं की शुक्रवार आहे, दुपारपर्यंत बंद होईल, बाहेर पडा. तिने दोन वाजता राजवाड्यातला फोटो पाठवला. चारला दुसरा. सहाला तिसरा, त्यात गर्दी आणखी वाढलेली.

प्रागमध्ये शुक्रवार फारसा पाळत नाहीत असं दिसतं. शहराशहरात फरक असतो.

आज वरण-भात केला. मागचे तीन दिवसही तोच होता.

७ जून, शनिवार

प्राग ते व्हिएन्ना ट्रेन. मी कळवलं होतं: डाव्या बाजूला बसा, नदी दिसेल. उर्वीचा मेसेज: रिव्हर राइटला होती बाबा. दॅट्स ओके, वुई स्टूड.

८ जून, रविवार, दुपारी १२.३०

व्हिएन्ना. यशश्रीचा मेसेज: किराण्याची सगळी दुकानं बंद. सिम कार्डचं बंद. तुम्ही म्हणालात म्हणून प्रागहून काही आणलं नाही, पोटात काही नाही, उर्वीचं डोकं दुखायला लागलंय.

मी लिहिलं, दार ठोठावून बघ, मागे माल लावत असतील. मग लिहिलं, हरताळ दिसतोय, युरोपात युनियन फार.

लेस्लीकडे गेलो. तो टेबलावर काम करत होता, रविवार म्हणजे आमचा कामाचा वार. त्याला विचारलं की व्हिएन्नात आज कसला हरताळ आहे. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मग चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला. म्हणाला, अरे बाबा, आज रविवार आहे. रविवार. आम्ही इथे शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला जातो, कारण सुट्टी शुक्रवारी. पण रविवार कुठला ते विसरलो नाही. तू हिंदू माणूस, कणकवलीत तुझी शाळा कुठल्या वारी बंद असायची?

 खरंच, कुठल्या वारी असायची? आठवायला थोडा वेळ लागला.

तो पुढे म्हणाला, आणि उद्याही बंद असणार, पेंटेकॉस्ट सणाचा सोमवार आहे. मी म्हणालो, ते माझ्या लक्षात होतं.

तोच दिवस, संध्याकाळी ५

तीन तास मेसेज नव्हता. मला फार लाज वाटली. बायको आणि मुलगी परक्या गावात उपाशी, आणि तेही माझ्या रंगीत तक्त्याप्रमाणे. स्टोअरमध्ये दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या फॅन मोटर दिल्या. एक परत आलाय, दुसरा यायचाय.

आत्ता फोटो आला. उर्वीने एका ट्राममधल्या आजींना खुणा करून विचारलं, त्यांनी सांगितलं की मोठ्या स्टेशनातलं दुकान रविवारी चालू असतं. दोघी बाकावर बसून ब्रेड, चीज आणि चेरी खाताहेत. यशश्रीच्या तोंडात चेरीचं देठ आहे. अशी हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलेली नाही. मी त्या फोटोत नाही ते बरंच आहे, नाहीतर फोटो कोण काढणार?

वर नीट बघितलं. दोघी एकाच फोटोत आहेत. कुणीतरी काढला असणारच.

१० जून, मंगळवार

तक्ता सुधारला. REV-1. रविवार लाल केला. दोघींना कळवलं की आता वार बरोबर आहेत, निर्धास्त फिरा. उत्तर: ओके बाबा.

VIE-003, मोठं चर्च. फाइलमध्ये मी स्पष्ट लिहिलंय की मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, चढू नये, खालून समजतं. उर्वी चढली. वरून तिने छपराचा फोटो पाठवला. रंगीत कौलं, गोधडीसारखी नक्षी. खाली इंग्रजीत लांबलचक लिहिलं होतं, की छप्पर इतकं उभं का ठेवलंय, बर्फ आणि पाऊस टिकू नये म्हणून, आणि मला कणकवलीच्या घराची कौलं आठवली, ती पण तशीच उतरती आहेत ना बाबा. सोबत वहीत काढलेलं एका खिडकीचं चित्र.

चित्र बराच वेळ बघत बसलो. चांगलं आहे. फार चांगलं आहे.  शेवटी लिहिलं: गुड. पान ६१ बघ.

नंतर वाटलं, दुसरं काहीतरी लिहायला हवं होतं. तोवर तिच्या नावाखाली 'लास्ट सीन' दिसायला लागलं होतं.

१३ जून, शुक्रवार

बुडापेस्ट. सकाळपासून मेसेज नाही. मी पुढीलप्रमाणे पाठवले: पान ८४ उघडा. पान ८४ उघडलंत का? पुलावरचे सिंह मोजा, BUD-002. पोचलात का? यशश्री? कुणीतरी उत्तर द्या. पान ८४ राहू दे, बऱ्या आहात ना?

संध्याकाळी यशश्री: अहो, गरम पाण्याच्या कुंडात होतो, पाच तास. फोन लॉकरमध्ये.

कुंडं फाइलमध्ये नाहीत. इतिहास नाही म्हणून मी ती काढून टाकली होती. तसं कळवलं. उर्वीचं उत्तर: बिल्डिंग १९१३ची आहे बाबा, शंभर वर्षं झाली, अजून किती वेट करायचं?

पॉइंट आहे.

१५ जून, रविवार

आल्या. विमानतळावर दोघी काळवंडलेल्या आणि खूश. यशश्रीने जीन्स घातली होती.

विमानतळापासून रुवीतल्या घरापर्यंत उर्वी सलग बोलत होती. प्रागला त्या एकदा रस्ता चुकल्या आणि एका बोळातून भलत्याच अंगणात निघाल्या. वर सगळीकडे लाकडी गॅलऱ्या, एक बाई पायपुसणं झटकत होती. उर्वीने तिथे बसून चित्र काढलं, तर बाईने वरून हाक मारून त्यांना कॉफी दिली. उर्वी मराठीतच सांगत होती, शब्द अडला की इंग्रजी. ती आधी सांगते की आपण कुठे उभे आहोत, मग डाव्या हाताला काय, वर काय, वास कसला. मी नेहमी सनापासून सुरुवात करतो. पहिल्यांदाच मी एका जुन्या शहराबद्दल अर्धा तास ऐकलं आणि मध्ये एकही शब्द बोललो नाही. सिग्नल हिरवा झालेला कळला नाही, मागच्याने हॉर्न दिला.

घरी आल्यावर विचारलं, फाइल कुठे. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. यशश्री म्हणाली की पहिल्या दिवशीच तक्ता आणि हॉटेलांची प्रिंट काढून घेतली आणि बाकी फाइल प्रागच्या हॉटेलात ठेवून दिली, जड होती हो. चार जूनला. मी तेरापर्यंत पान नंबर पाठवत होतो. दोघी नऊ दिवस ओके लिहीत होत्या. मी विचारलं, का? उर्वी म्हणाली, तुम्ही खूप मेहनत केली होती ना बाबा.

मग जेवताना जुलैचा विषय निघाला. मी म्हणालो, पुण्याला जायचं कसं त्याचा आता मी नीट प्लॅन करतो. यशश्री म्हणाली, झालं ते. व्हिएन्नाहून बुडापेस्टला जाताना ट्रेनमध्ये वायफाय होतं, तेव्हा आम्ही मुंबईची तिकिटं काढून टाकली. चार जुलै, सकाळची फ्लाइट. पुढे गाडी सांगितलीय, हॉस्टेललाही कळवलंय.

किती तिकिटं, असं मी विचारलं. दोन.

ती म्हणाली, तुमच्या रजेचं काही खरं नसतं, म्हणून. टोमणा नव्हता. मीठ मागावं तसं सहज म्हणाली. उर्वी पोळी खात होती, तिलाही यात विशेष काही वाटलं नाही. मला फार लागलं ते. मुलगी घर सोडून जातेय आणि तिच्या जाण्यात मला कुणी धरलेलंच नाही, आणि त्यात चूक कुणाची ते विचारायचीही सोय नाही.

१६ जून, सोमवार, सकाळी ११

लेस्लीला विचारलं, रजेचा फॉर्म कुठे मिळतो. तो म्हणाला, तुझ्याकडे. मी म्हणालो, थट्टा नको. तो म्हणाला, अरे, स्टेशनरी तुझ्याच स्टोअरमध्ये असते, एकोणीस वर्षं सगळ्या ऑफिसला ते फॉर्म तूच देतोयस. खरं आहे. मागच्या रॅकवर, आयटम STN-014, पन्नासाचं पॅड. स्वतःच्या नावावर एक पॅड इश्यू करून घेतलं.

तीन कॉप्या भरल्या. कारण या रकान्यात आधी 'अत्यंत महत्त्वाचे कौटुंबिक' वगैरे लिहिणार होतो. मग साधं लिहिलं, मुलीला कॉलेजात सोडायला.

अर्बाबनी वाचलं. मुलगी कुठली, काय शिकणार, किती मार्क, सगळं विचारलं. मी सांगत गेलो, तिने काढलेली खिडकी फोनवर दाखवली, त्यांनी ती बोटांनी मोठी करून पाहिली. हुसैनमियाँ कधी परत येतो ते रजिस्टरमध्ये बघितलं. सही केली. दोन मिनिटं. मी चार दिवस मागितले होते, त्यांनी खोडून सात केले. मी उभाच होतो. ते म्हणाले, खलास, धनेश, वरका झाला, आता जा.

तोच दिवस, संध्याकाळी ७

त्याच फ्लाइटचं तिकीट मिळालं. दोघी बाराव्या रांगेत. मी एकतिसाव्या, मधली सीट, टॉयलेटच्या आधीची. उर्वीला विचारलं, मागे येतेस का माझ्याबरोबर. तिची खिडकी आहे, ती सोडवत नाही म्हणाली. मुंबई वरून बघायचीय तिला.

म्हणाली, पण बाबा, उतरल्यावर आम्ही बॅगांच्या पट्ट्यापाशी थांबू. तुम्ही इकडेतिकडे जाऊ नका, सरळ तिथेच या. मी हो म्हणालो.